हिरव्यात भेटू: आवाज न करता वेळ दाखवणारं घड्याळ घरी कसं करावं

सांगलीत आमचं दुमजली घर आहे. खाली वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, वर माझी अभ्यासिका. चाळीस खुर्च्या, प्रत्येकीसमोर प्लायवूडचा आडोसा, कोपऱ्यात पाण्याचा जार आणि दारावर पाटी: 'बोलायचं असेल तर जिन्यात'. येणारी पोरं-पोरी बहुतेक एमपीएससी, पोलीस भरती आणि बँकेच्या परीक्षांची. मार्च जवळ आला की दहावी-बारावीचीही भर पडते. अशा खोलीत वेळ लावून अभ्यास करायचा म्हणजे पंचाईत असते. एकाचा मोबाईल नुसता थरथरला तरी प्लायवूड घुमतं आणि आजूबाजूचे चार जण माना वर करतात. अलार्म नको, टिकटिक नको, शिट्टी तर नकोच. मग वेळ डोळ्यांनाच दाखवायला हवा.

त्यातून जे काही जमत गेलं ते इथे लिहितो. सामान झेरॉक्सच्या दुकानात आणि कंपासपेटीत मिळतं. घड्याळ घरात असतंच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. साधं घड्याळ 'आत्ता किती वाजले' ते सांगतं. अभ्यासाला बसलेल्याला ते नको असतं, त्याला 'अजून किती उरलं' ते हवं असतं. साडेदहा वाजलेत, अकरा दहापर्यंत बसायचंय, म्हणजे चाळीस मिनिटं, ही वजाबाकी प्रत्येक वेळी मान वर केली की करावी लागते. वजाबाकी सोपीच, पण तेवढ्यात धागा तुटतो. मोबाईलवर ३९:५९, ३९:५८ असे आकडे पळतात तेही निरुपयोगी, कारण तो आकडा वाचावा लागतो आणि पळती गोष्ट डोळा सोडत नाही. रंगीत तुकडा मात्र वाचावा लागत नाही. मोठा आहे की छोटा, एवढं नजरेच्या कोपऱ्यातूनही कळतं.

ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. लग्नात मुहूर्त साधायला गुरुजी घंगाळातल्या पाण्यावर तळाला भोक असलेली तांब्याची वाटी सोडायचे, ते घटिकापात्र. पाणी आत चढत जातं आणि २४ मिनिटांत वाटी बुडते. किती भरली ते मांडवातल्या कोणालाही दिसायचं, त्यामुळे गुरुजींना विचारायला जावं लागत नसे. अलीकडच्या काळात अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॅन रॉजर्स यांनी १९९४ मध्ये आपल्या लहान मुलीसाठी लाल चकतीचं घड्याळ तयार केलं. चकती फिरवून हवी तेवढी मिनिटं लावायची, आणि वेळ जाईल तसा लाल भाग पांढऱ्या तबकडीखाली सरकत नाहीसा होतो. 'टाइम टायमर' नावाने ते आजही विकलं जातं. त्याच्या चिनी नकलाही ऑनलाइन भरपूर मिळतात. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो, पण आधी घरचा माल.

सगळ्यात कमी खटपटीचं घड्याळ आधी सांगतो. एकदा केलं की पुन्हा हात लावायला लागत नाही. आमच्या खोलीत समोरच्या भिंतीवर हेच आहे. तबकडीवर दहाच्या आकड्यापासून बाराच्या आकड्यापर्यंत हिरव्या कागदाची एक फाक चिकटवलेली. भूमितीच्या पुस्तकात जिला वर्तुळपाकळी म्हणतात, ती. मिनिटकाटा दर तासाला फिरून येतो, म्हणजे दर तासाची शेवटची दहा मिनिटं तो हिरव्यात असतो. काटा पांढऱ्यात असेल तेव्हा दार बंद, बोलणं बंद, शंका विचारणं बंद. हिरव्यात शिरला की पाणी, चहा, फोन, काय ते उरकून घ्या. कोणी काही लावायचं नाही की बटण दाबायचं नाही. वीज गेली तरी ते चालूच असतं. पोरांच्या तोंडी आता तेच बसलंय: "हिरव्यात भेटू", "हिरव्यात नोट्स देतो".

करायला अर्धा तास लागतो. घड्याळ असं निवडा की तबकडीवर बाराही आकडे साधे आणि ठळक असतील. रोमन आकडे, फुलांची नक्षी, देवाचा फोटो असलेली तबकडी नको. रंगाचा तुकडा त्यात हरवतो. टिकटिक न करणारं, म्हणजे सेकंदकाटा उड्या न मारता सरकत जाणारं मशीन मिळालं तर उत्तम. दुकानात 'स्वीप मशीन' म्हणून मागा.

पहिल्यांदा सेल काढा. मग मागचे स्क्रू काढले की पुढची चौकट काचेसकट सुटते. काही स्वस्त घड्याळांत स्क्रूऐवजी प्लॅस्टिकच्या खिट्ट्या असतात, त्या एकेक करून हलके दाबायच्या. आता सेकंदकाटा काढून टाका. तो फक्त दाबून बसवलेला असतो. दोन नखांत बुडाशी धरून सरळ वर ओढायचा, वाकडा नाही. घड्याळाला काही होत नाही, मशीन तसंच चालतं. पण समोर एकसारखं फिरणारं काही राहिलं नाही की खोलीतलं निम्मं लक्ष जागेवर येतं. आमच्या वडिलांना हे पटत नाही. सेकंदकाट्याशिवाय घड्याळ म्हणजे त्यांना नाडी नसलेलं माणूस वाटतं.

फाक पातळ कागदाची हवी. पतंगाचा घोटीव कागद सगळ्यात चांगला. कार्डशीट लावलीत तर तासकाटा त्यावर घासून अडकेल, कारण सगळ्यांत खालचा काटा तोच आणि त्याच्याखाली जागा फार कमी असते. टोक मध्यापर्यंत नेऊ नका. मधल्या दांड्यापासून बोटभर आधीच कापा. डिंकाने कागदाला सुरकुत्या पडतात, म्हणून ग्लू स्टिक वापरा आणि पोस्टकार्डाच्या कडेने आतून बाहेर दाबत न्या. मग सेल घालण्याआधी मागचं चाक फिरवून दोन्ही काटे पूर्ण बारा तास फिरवून बघा, कुठे अडतात का. काच शेवटी बसवायची.

हे झालं सगळ्यांसाठी एकच वेळ असते तेव्हाचं. पण एखाद्याला दहा चाळीसला सुरू करून पंचवीस मिनिटं गणित करायचंय, त्याला हिरव्या फाकेचा काय उपयोग? त्यासाठी फाक सुटी हवी आणि ती काचेवर बाहेरून लागली पाहिजे.

झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल बाइंडिंगचं वरचं पारदर्शक कव्हर मिळतं. त्यावर रंगीत जिलेटिन पेपर चिकटवा. तोही नाही मिळाला तर मार्करने रंगवा. मग कंपासने घड्याळाच्या काचेएवढं वर्तुळ काढा आणि कोनमापक घ्या. हिशेब एका ओळीचा आहे: पूर्ण वर्तुळ ३६० अंश आणि मिनिटं ६०, म्हणजे एक मिनिट ६ अंशांचं. १० मिनिटांची फाक ६० अंशांची, १५ ची ९०, २५ ची १५०, ३० ची म्हणजे अर्धं वर्तुळ. फाकेवर बारीक अक्षरात मिनिटं लिहून ठेवा, नाहीतर २० आणि २५ सारख्याच दिसतात. मागे डबल टेपचा छोटा तुकडा किंवा ब्लू टॅक लावा. फाकेची मागची कड मिनिटकाट्यावर ठेवून चिकटवली की काम सुरू. काट्याच्या पुढे जेवढा रंग दिसतो तेवढा वेळ उरला. काट्याच्या मागचा रंग काही आपोआप पुसला जात नाही. नजरेला फक्त पुढचा रंग बघायची सवय लावावी लागते, पण ती पटकन लागते.

एक खोट मात्र ध्यानात ठेवा. फाक काचेवर असते आणि काटा आत, त्यामुळे बाजूने बघणाऱ्याला रंग एखाद्या मिनिटाने पुढे-मागे दिसतो. सुटी फाक लावलेलं घड्याळ स्वतःच्या टेबलावर, आपल्याकडे तोंड करून ठेवावं. भिंतीवरचं सगळ्यांचं घड्याळ असेल तर फाक आतच हवी. काचेवर ट्यूबलाइट चमकत असेल तर खिळा थोडा बाहेर ठेवा आणि घड्याळाच्या पाठीला वरच्या बाजूला खोडरबराचा तुकडा चिकटवा. घड्याळ जरा पुढे झुकतं आणि चमक जाते.

फाका कापायचा कंटाळा असेल तर व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या. खरी काच असलेल्या घड्याळावर सरळ रंगवा आणि बोटाने पुसा. प्लॅस्टिकच्या काचेवर हे करू नका, डाग कायमचा राहतो. आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं, विशेषतः पुरुष, आपल्या आसपास असतातच. त्यांच्यासाठी रंगापेक्षा तिरप्या जाड रेघा मारलेली फाक चांगली. किंवा निळा रंग वापरा.

आता ती वापरायची कशी. बहुतेक जण इथेच घाई करतात. पहिल्याच दिवशी 'एक तासात एक धडा' असं ठरवून फाक लावतात, धडा होतो अर्धा, आणि दोष घड्याळाला. म्हणून पहिला आठवडा फाक लावूच नका. फक्त वहीच्या समासात प्रत्येक कामाची सुरुवात आणि शेवट लिहा: १०:१२, १०:५०. तुम्हाला भूगोलाची दहा पानं वाचायला किती वेळ लागतो, एक गणित सोडवायला किती, हे तुमचे आकडे आहेत. यूट्यूबवरच्या टॉपरचे नव्हेत. ते हातात आले की त्यांच्यापेक्षा किंचित मोठी फाक कापा. हो, मोठी. सुरुवातीला रंग उरला पाहिजे. उरलेला रंग बघून माणूस पुन्हा बसतो, संपलेला बघून उठतो.

दुसरं, फाक लावण्याआधी एका चिठ्ठीवर काम लिहा. 'इतिहास' हे काम नाही. 'सत्यशोधक समाज १८७३: स्थापनेची कारणं, पाच मुद्दे, न बघता' हे काम. रंग संपल्यावर झालं की नाही, हे होय किंवा नाही असं सांगता आलं पाहिजे. 'थोडं झालं' असं उत्तर येत असेल तर चिठ्ठी चुकीची लिहिली.

तिसरी गोष्ट पेनची, आणि ती मला सगळ्यांत उपयोगी वाटते. रंग आहे तोवर निळ्या पेनने लिहा. रंग संपला आणि उत्तर अपुरं असेल तर थांबू नका, फाकही पुढे सरकवू नका. पेन ठेवून पेन्सिल उचला आणि पुरं करा. संध्याकाळी वही चाळली की निळं किती, पेन्सिलीचं किती ते उघडं दिसतं. प्रस्तावना निळी आणि शेवटचे तीनही मुद्दे पेन्सिलीत असतील तर प्रस्तावनेत वेळ जातोय. ते कोणा सरांनी सांगायला नको.

लेखी उत्तरांच्या सरावाला तर सुटी फाक हवीच. यूपीएससी मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचा पेपर ३ तासांचा आणि प्रश्न २०: दहा प्रश्न १० गुणांचे, दहा १५ गुणांचे. सात मिनिटं आणि अकरा मिनिटं धरली की बरोबर १८० मिनिटं होतात. म्हणून ४२ अंशांची एक आणि ६६ अंशांची एक, अशा दोन फाका कापा. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यामुळे आमच्याकडे या दोन फाकांना फार मागणी आहे. मी लॅमिनेशन करून ठेवल्यात, तरी हरवतात.

पूर्वपरीक्षेला प्रश्नागणिक फाक लावायला जाल तर वेड लागेल. तिथे गठ्ठा करा. राज्यसेवा पूर्वच्या पहिल्या पेपरात १२० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे अर्ध्या तासाला २५. दुसऱ्या पेपरात, म्हणजे सीसॅटला, तेवढ्याच वेळात ८०, म्हणजे अर्ध्या तासाला २०. दोन्हींना तीच अर्ध्या वर्तुळाची फाक चालते, प्रश्न तेवढे बदलायचे. पोलीस भरतीच्या लेखीला ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात. तिथे मी २५ प्रश्नांना २० मिनिटांची फाक देतो. चार गठ्ठ्यांची ऐंशी मिनिटं आणि उरलेली दहा गोल रंगवायला. दहावीच्या बीजगणिताला ४० गुणांना २ तास मिळतात, म्हणजे गुणाला ३ मिनिटं. चार गुणांच्या गणिताची फाक ७२ अंशांची झाली.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी, ही पोमोडोरो पद्धत सगळ्यांनाच माहीत असते. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर वापरून ती सुरू केली. पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. पद्धत चांगलीच आहे, विशेषतः ज्याला बसायचाच कंटाळा येतो त्याच्यासाठी. पण चाळीस जणांच्या खोलीत प्रत्येकाचा टोमॅटो वेगळ्या वेळी पिकला की दार दिवसभर वाजत राहतं. शिवाय कायद्याची कलमं किंवा अर्थशास्त्राचा अवघड भाग डोक्यात शिरायलाच पंधरा मिनिटं जातात आणि गाडी लागली की सुट्टी होते. म्हणून आमची पन्नास-दहा. घरी एकटे बसत असाल तर सकाळी ताजं डोकं असताना पन्नास, दुपारी जेवणानंतर पंचवीस. दुपारी दोन वाजता पन्नास मिनिटांची फाक लावणाऱ्याच्या जिद्दीला माझा नमस्कार, पण तो झोपतो.

आता तयार वस्तूंबद्दल थोडं. चकतीवालं टायमर घेणार असाल तर तीन गोष्टी बघा: आवाज पूर्ण बंद करायची कळ आहे का, कानाशी धरल्यावर टिकटिक येते का, आणि चकती हाताने पुढे-मागे सरकवता येते का. त्याचे आकडे उलटे असतात, म्हणजे १५ हा डाव्या बाजूला, आपल्या घड्याळातल्या नऊच्या जागी. सुरुवातीला गोंधळायला होतं. चावीचं स्वयंपाकघरातलं टायमर अभ्यासाला नको, टिकटिकही करतं आणि शेवटी ठणाणा करतं. घरात वापरताना एवढं करा: पाच मिनिटं लावायची असली तरी आधी काटा पुरता फिरवून घ्या आणि मग मागे पाचवर आणा. नाहीतर स्प्रिंगला ताण पुरत नाही आणि शेवटी वाजायचंच राहतं. वाळूचं घड्याळ दिसायला सुरेख आणि लहान वेळेला छान. मध्येच थांबवायचं असेल तर आडवं ठेवा, वाळू थांबते. पण स्वस्तातल्या पाच मिनिटांच्या वाळूवर भरवसा ठेवू नका, एकदा घड्याळाशी ताडून बघा आणि जे निघेल ते खाली चिकटवून ठेवा.

मोबाईलवर कमी होत जाणारी चकती दाखवणारी ॲप्स भरपूर आहेत आणि ती वाईट नाहीत. ज्यावर ती चालतात ती वस्तू वाईट आहे. टायमर बघायला मोबाईल उचलायचा म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला बसवायचं. घरात जुना, सिम नसलेला फोन पडला असेल तर त्यातलं बाकी सगळं काढा, वायफाय बंद करा, चार्जरला लावून उभा ठेवा. मग तो नुसतं घड्याळ उरतो. तो नसेल तर भिंतीवरचं घड्याळ बरं.

लहान मुलांसाठी हीच फाक चालते, नियम मात्र वेगळे. माझा भाचा तिसरीत आहे. आंघोळीला चल म्हटलं की "पाच मिनिटं". या पाच मिनिटांना काही आकार नसतो, आणि त्याला तरी तो कळणार कुठून? मोठी माणसं "पाच मिनिटांत निघायचंय" म्हणतात आणि दारात उभं राहून शेजाऱ्यांशी वीस मिनिटं बोलतात. त्याला फाक हातात दिली आणि स्वतः चिकटवायला लावली. फाक लावायचा मान मुलाचाच, तुमचा नाही. पहिल्यांदा ती आवडीच्या गोष्टीला लावा: चित्र काढणं, क्रिकेट, कार्टून. रंग म्हणजे शिक्षा असं एकदा बसलं की घड्याळ भिंतीवरून पडायला वेळ लागत नाही. रंग संपल्यावर काय होणार ते आधी सांगा आणि तेच करा. आणि काटा मध्यावर आला की एकदाच बोट दाखवा, तोंडाने काही बोलू नका. "बघ, किती राहिलं बघ" असं दर मिनिटाला म्हणणार असाल तर फाकेची गरजच काय, तुम्हीच टायमर झालात.

एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं अवघड जाण्याची अडचण असलेल्या मुलांना आणि मोठ्यांनाही याचा विशेष फायदा होतो. रसेल बार्कली हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ या अडचणीचं वर्णन वेळेचं आंधळेपण असं करतात. म्हणजे वेळ किती गेला आणि किती उरला याचा आतून अंदाज येत नाही. मग तो बाहेर, डोळ्यांसमोर मांडावा लागतो. स्वमग्न मुलांसाठी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९७० च्या दशकापासून चाललेल्या 'टीच' कार्यक्रमातही दिवसाचा क्रम चित्रांनी समोर मांडण्यावर भर असतो. मी काही यातला तज्ज्ञ नाही. मुलाला शिकवणाऱ्या विशेष शिक्षकांना विचारून रंग आणि वेळ ठरवा. काही मुलांना संपत जाणारा रंगच घाबरवतो.

तसं मोठ्यांचंही होतं. आमच्याकडे एक मुलगी होती, फाक लावली की तिचा हात थरथरायचा. तिने उलटं केलं. रिकाम्या काचेवर वेळ गेला तसा मार्करने रंग भरत गेली. उरलेला वेळ बघण्याऐवजी बसलेला वेळ बघायचा. तिला ते मानवलं. तुम्हालाही छातीत धडधड होत असेल तर हे करून बघा, किंवा फाक लावूच नका. निवांत वाचनाला तर ती मुळीच लावू नये. एखादं पुस्तक चढलं असेल तर काटा कुठे आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय.

सुट्टीला मात्र फाक हवीच, अभ्यासापेक्षा जास्त. पन्नास मिनिटांचे पंचावन्न झाले तर काही बिघडत नाही, दहाची चाळीस होतात तिथे दिवस जातो. रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे, आमची निम्मी पोरं तिथे. तिथून माझ्या भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही. शेवटी टपरीवरही तसंच हिरव्या फाकेचं घड्याळ नेऊन लावलं. चहावाले काका आधी कुरकुरले, धंदा बुडेल म्हणून. आता तेच ओरडतात, "अरे हिरवं संपलं, पळा". दोन घड्याळं ठेवाल तर एकच पथ्य: दोन्ही एका वेळेला लावा, नाहीतर पोरं जे मागे आहे तेच खरं मानतात.

आणि आता फाकेची सवय सोडवायची कशी ते. परीक्षेच्या हॉलमध्ये फाक कोणी लावू देणार नाही. म्हणून परीक्षेला दीड-दोन महिने उरले की फाक काढा आणि तिच्या शेवटाच्या जागी काचेवर मार्करचा एक ठिपका द्या. सुरुवातीची कड आता डोक्यात धरायची. ते जमलं की ठिपकाही पुसा. उघड्या तबकडीवर मनानेच फाक बघायची आणि ती कुठे संपते ते चिठ्ठीवर आधी लिहून ठेवायचं. शेवटच्या सराव पेपरांना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून बसा आणि साधं काट्यांचं मनगटी घड्याळ टेबलावर काढून ठेवा. तुमच्या परीक्षेत ते चालतं का, हे प्रवेशपत्रावरच्या सूचनांत आधी वाचा. चालत नसेल तर हॉलमधल्या घड्याळावर किंवा पर्यवेक्षकांच्या सूचनांवर भागवायची तयारी घरीच करा: कोणाला तरी दर अर्ध्या तासाने नुसतं "अर्धा तास झाला" म्हणायला सांगा आणि तेवढ्यावर पेपर सोडवा.

एक राहिलं, सेलचं. सेल उतरायला लागला की सेकंदकाटा नऊच्या आसपास अडखळतो, कारण तिथून त्याला वर चढायचं असतं. दुकानात आम्ही त्यावरूनच ओळखतो. तुम्ही तर तो काटाच काढून टाकलात, तेव्हा ती खूण गेली. म्हणून दर सोमवारी घड्याळ मोबाईलशी ताडून बघा. दोन मिनिटं मागे पडलं असेल तर सेल बदला, आणि जुना सेल आत विसरू नका. तो पाझरला की पत्र्या गंजतात आणि मग मशीनच बदलावं लागतं.